हँडल फिरवून वाजणारा रस्त्यावरचा ऑर्गन : घरगुती बांधणी आणि कार्यतत्त्व

गोषवारा :
युरोपातील शहरांच्या रस्त्यांवर एकोणिसाव्या शतकात सर्वत्र ऐकू येणारा, हँडल फिरवून वाजवला जाणारा ऑर्गन आज अनेक हौशी कारागीर घरच्या घरी बांधतात. लाकडी नळ्या, भाता आणि छिद्रे पाडलेला कागद या तीन घटकांवर हे वाद्य उभे असते. प्रस्तुत लेखात या वाद्याची थोडक्यात ऐतिहासिक पार्श्वभूमी देऊन २० स्वरांच्या घरगुती ऑर्गनची रचना, त्यामागील भौतिकी आणि बांधणीतील प्रत्यक्ष अडचणी यांचे विवेचन केले आहे. वाद्याला लागणारी शक्ती आणि वाद्याला लागणारी माहिती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व या वाद्यात डोळ्यांना दिसते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ऑर्गन, भाता, बंद नळी, अनुनाद, छिद्रित कागद, वायुदाब, गळती.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात ‘ऑर्गन’ हा शब्द उच्चारताच संगीत रंगभूमीवरील पायाने भाता चालवण्याचे वाद्य आठवते. ते वाद्य आणि घरोघरी परिचित असलेली हार्मोनियम ही दोन्ही रीडची वाद्ये होत. त्यांत धातूची पातळ पत्ती हवेच्या झोताने कंप पावते आणि स्वर निर्माण होतो. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला ऑर्गन त्यांहून वेगळा आहे. त्यात सहसा रीड नसून नळ्या असतात, म्हणजे स्वरोत्पत्तीच्या दृष्टीने त्याचे नाते हार्मोनियमपेक्षा बासरीशी अधिक जवळचे आहे. तसेच त्याला स्वरपट्ट्याच नसतात. वाजवणारा मनुष्य केवळ एक हँडल फिरवतो आणि पेटीतून संपूर्ण सुरावट, साथीच्या स्वरांसह, बाहेर पडते.

हे दृश्य प्रथमच पाहणाऱ्याच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो. हँडल फिरवणाऱ्याला ती चाल येत असण्याची गरज नाही, मग ती चाल कोठे आहे? हाताने दिले जाते ते केवळ बळ. चाल अन्यत्र, कागदावरील छिद्रांच्या मांडणीत, साठवलेली असते. एकाच हँडलने भाताही चालतो आणि कागदही सरकतो, त्यामुळे या दोन गोष्टी बाहेरून एकच भासतात. मात्र वाद्य स्वतः बांधू लागल्यावर त्या वेगळ्या कराव्याच लागतात, कारण भात्याचे काम वेगळे, कागदाचे काम वेगळे आणि नळीचे काम वेगळे असते. म्हणूनच घरगुती बांधणी हा केवळ छंद न राहता वाद्य समजून घेण्याचा मार्ग ठरतो.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

आपोआप वाजणाऱ्या वाद्याची कल्पना फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदाद येथील बनू मूसा या बंधूंनी पाण्याच्या शक्तीवर चालणाऱ्या अशा वाद्याचे वर्णन केले होते. त्यात खुंट्या बसवलेला दंडगोल फिरत असे व त्या खुंट्यांमुळे स्वरछिद्रे उघडत. पुढे अनेक शतके हेच तत्त्व प्रचलित राहिले. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये ‘सेरिनेत’ नावाची छोटी हँडलपेटी पाळीव पक्ष्यांना चाली शिकवण्यासाठी वापरली जात असे. दंडगोलावर खुंट्या कोठे व किती लांबीच्या बसवाव्यात याचे शास्त्र एंग्रामेल या धर्मगुरूने १७७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडले.

याच काळातील एक उदाहरण भारताशी निगडित आहे. टिपू सुलतानाच्या संग्रहातील, युरोपीय शिपायावर झेप घेतलेल्या लाकडी वाघाच्या पोटात नळ्यांचा एक छोटा ऑर्गन आहे. वाघाच्या खांद्यापाशी असलेले हँडल फिरवले की भाते चालतात आणि वाघाची डरकाळी व शिपायाचे कण्हणे ऐकू येते. ऑर्गनसाठी मात्र १८ स्वरांच्या हस्तिदंती कळा दिलेल्या आहेत. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर हे यंत्र इंग्रजांच्या हाती लागले व आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हँडलने हवा आणि बोटांनी चाल अशी विभागणी या यंत्रात झालेली आहे. रस्त्यावरच्या ऑर्गनमध्ये बोटांची जागा प्रथम दंडगोलाने आणि नंतर कागदाने घेतली.

एकोणिसाव्या शतकात दंडगोलाचे ऑर्गन गळ्यात अडकवून किंवा गाड्यावर ठेवून शहरोशहरी फिरवले जाऊ लागले. हे काम करणाऱ्यांत इटलीतून आलेले गरीब स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. जर्मनीतील काळ्या जंगलाच्या प्रदेशातील वाल्डकिर्ख हे गाव या वाद्यांच्या निर्मितीचे केंद्र बनले, तर बर्लिनमध्ये इटलीहून आलेल्या बाचिगालुपो घराण्याच्या कार्यशाळेने नाव मिळवले. अ‍ॅमस्टरडॅममध्ये लेऑन वार्नीस याने १८७५ मध्ये ऑर्गन भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला. मैफलीचे तिकीट ज्यांना परवडत नव्हते अशा वस्त्यांना नाट्यगृहातील लोकप्रिय चाली या वाद्यांमुळे ऐकायला मिळू लागल्या.

सर्वांनाच हे रुचले नाही. गणनयंत्राचा जनक म्हणून ओळखला जाणारा चार्ल्स बॅबेज हा लंडनमधील रस्त्यावरच्या वादकांचा कडवा विरोधक होता. अशा विरोधाची परिणती म्हणून १८६४ मध्ये तेथे रस्त्यावरील वादनाला आवर घालणारा कायदा संमत झाला. या विरोधात एक विलक्षण योगायोग दडलेला आहे. बॅबेजने १८३० च्या दशकात आखलेल्या यंत्राला सूचना देण्यासाठी जकार्ड मागावरील छिद्रित पुठ्ठ्यांची पद्धत निवडली होती. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास सिद्ध झालेली ही पद्धत नक्षीचे कापड विणण्यासाठी होती, आणि बनारसी शालूच्या विणकामामुळे भारतीय वाचकालाही जकार्ड हे नाव परिचित आहे. पॅरिसमधील गाव्हिओली या ऑर्गन-निर्मात्यांनी १८९२ मध्ये छिद्रित पुठ्ठ्याच्या घडीपुस्तकावर चालणाऱ्या ऑर्गनचे पेटंट घेतले. अशा रीतीने बॅबेजने ज्या वाद्याचा तिरस्कार केला त्याच वाद्याने पुढे त्याला प्रिय असलेले तंत्र आत्मसात केले.

या बदलाचे महत्त्व मोठे होते. एका दंडगोलावर मोजक्याच चाली बसत आणि नवी चाल हवी असल्यास हजारो खुंट्या नव्याने ठोकाव्या लागत. छिद्रित पुठ्ठा वा कागद मात्र बदलता येतो, वाढवता येतो आणि त्याची नक्कलही करता येते. यामुळेच घरगुती बांधणी शक्य झाली, कारण दंडगोल भरणे हे जन्मभराच्या कौशल्याचे काम होते, तर कागदाला छिद्रे पाडणे हे चिकाटी असणाऱ्या कोणालाही जमू शकते. विसाव्या शतकात ग्रामोफोन व रेडिओ यांमुळे या वाद्याची चलती ओसरली. न्यूयॉर्कमध्ये तर १९३६ मध्ये महापौर ला ग्वार्डिया यांनी हँडल ऑर्गनवाल्यांचे परवानेच रद्द केले. परंतु नेदरलँड्स, जर्मनी आणि मेक्सिको येथे ही परंपरा टिकून राहिली, आणि इंग्लंड-जर्मनीत हौशी बांधणीकारांचा एक नवा वर्ग उदयास आला.

३. वाद्याची रचना : तीन घटक

हौशी मंडळींमध्ये २० स्वरांचा ऑर्गन विशेष लोकप्रिय आहे. त्यासाठी ११० मि.मी. रुंदीची कागदी गुंडाळी वापरण्याचा प्रघात असून तिच्यावर छिद्रांच्या २० समांतर रांगा असतात. प्रत्येक रांग एका स्वराची असते. या २० स्वरांत सर्व शुद्ध व विकृत स्वर सामावत नाहीत. खर्जातील थोडे स्वर, मधले साथीचे स्वर आणि चालीसाठी वरचे स्वर अशी निवड करावी लागते. अशा ऑर्गनचे तीन घटक पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) नळ्या : यांतून ध्वनी निर्माण होतो.
(आ) भाते व हवेचा साठा : यांतून स्थिर दाबाची हवा मिळते.
(इ) कागद व त्याची वाचनपट्टी : यांवरून कोणत्या क्षणी कोणत्या नळीला हवा मिळावी हे ठरते.

४. नळी : स्वराचा उगम

ऑर्गनची लाकडी नळी ही चौकोनी छेदाची पोकळी असते. तिच्या पायाशी हवा शिरते, एका ठोकळ्यावरून अर्ध्या मि.मी.च्या आसपास रुंदीच्या फटीतून पातळ पापुद्र्यासारखी बाहेर पडते आणि समोरच्या धारदार ओठावर आदळते. हा झोत ओठाच्या कधी आत, कधी बाहेर झुलू लागतो. नळीतील हवेचा स्तंभ स्वतःच्या लांबीनुसार ठरावीक वारंवारतेनेच कंप पावू शकतो, म्हणून तो झोताच्या झुलण्याला आपल्या तालात बांधून घेतो. बासरीतही हेच घडते. फरक एवढाच की बासरीत झोताचा कोन वादकाचे ओठ ठरवतात, तर नळीत तो सुताराला कायमचा ठरवून ठेवावा लागतो.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत स्वरकाटा आणि अनुनाद नलिका घेऊन ध्वनीचा वेग काढण्याचा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याला या नळीचे गणित नवे नाही. एक टोक बंद असलेल्या नळीत तरंगलांबीचा चौथा हिस्सा सामावतो, तर दोन्ही टोके खुली असतील तर अर्धा. म्हणजे त्याच स्वरासाठी बंद नळी खुल्या नळीच्या निम्म्या लांबीची पुरते. पेटी लहान ठेवायची असल्याने घरगुती ऑर्गनमध्ये बंद नळ्यांना प्राधान्य मिळते.

२५ अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. मध्य सप्तकातील ‘पांढरी एक’ या स्वराची वारंवारता सुमारे २६१.६ हर्ट्झ धरली, तर तरंगलांबीचा चौथा हिस्सा सुमारे ३३१ मि.मी. येतो. खालच्या सप्तकातील ‘पांढरी चार’साठी (१७४.६ हर्ट्झ) हाच आकडा सुमारे ४९५ मि.मी. होतो, आणि मध्य ‘पांढरी एक’च्या दोन सप्तके वरच्या स्वरासाठी तो ८३ मि.मी. इतका लहान होतो. खर्जाच्या लांब नळ्या पेटीत बसत नाहीत, तेव्हा त्या कापून काटकोनात जोडल्या जातात. हवेच्या स्तंभाला वळणाचा फारसा अडसर होत नाही.

प्रत्यक्षात नळी या गणितापेक्षा आखूड करावी लागते. अनुनाद नलिकेच्या प्रयोगात जशी टोकाची दुरुस्ती लक्षात घ्यावी लागते, तशी येथे तोंडाची दुरुस्ती असते, आणि ती बरीच मोठी असते. फ्रेंच ऑर्गन-निर्माता आरिस्तिद कावाये-कोल याने १८६० मध्ये खुल्या चौकोनी नळीसाठी एक व्यवहारोपयोगी नियम दिला. त्यानुसार गणिताने आलेल्या लांबीतून नळीच्या आतील खोलीची दुप्पट वजा करावी. बंद नळीत एक खुले टोक नसल्याने ही वजाबाकी त्याहून काहीशी कमी असते. तरीही बांधणीकार नळी थोडी लांबच ठेवतो आणि कातडे लावलेला लाकडी दट्ट्या वरून आत सरकवून स्वर जुळवतो. दट्ट्या आत गेला की हवेचा स्तंभ आखूड होतो व स्वर चढतो.

बंद नळीचा आवाज मऊ आणि काहीसा पोकळ असतो, कारण तिच्यात मूळ स्वराच्या विषम पटींचेच उपस्वर उमटतात. हवेचा दाब वाढला तर स्वर आधी किंचित चढतो आणि मग एकदम उडी मारून मूळ वारंवारतेच्या तिप्पट होतो. मध्य षड्जाची नळी असेल तर ती तार सप्तकातील पंचम बोलू लागते. ओठाची उंची फार कमी असल्यास ही उडी लवकर येते, फार जास्त असल्यास नळी उशिरा व घोगऱ्या आवाजात बोलते. तोंडाच्या रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी उंची हा आरंभासाठी योग्य अंदाज होय, पण अखेरचा निर्णय कानानेच घ्यावा लागतो. एक-दोन कापांनी ओठ वर नेता येतो, खाली आणता येत नाही. म्हणून ही उंची आधी कमी ठेवून हळूहळू वाढवली जाते.

५. भाता : शक्तीचा मार्ग

हँडलच्या आसाला वक्र दांडा असतो व त्याला दोन भाते विरुद्ध दिशांनी जोडलेले असतात. एक भाता हवा ओढून घेतो तेव्हा दुसरा हवा ढकलतो. तरीही हवा ठोक्याठोक्याने येते. ती थेट नळ्यांना दिली तर स्वर थरथरेल. म्हणून भात्यांमधली हवा प्रथम एका साठवण भात्यात जाते. त्याच्या झाकणावर स्प्रिंगांचा ताण असतो. हवा जास्त झाली की झाकण वर उचलले जाते, कमी झाली की खाली येते, पण दाब जवळपास तोच राहतो. साठा पूर्ण भरला की एक झडप उघडून जादा हवा बाहेर सोडली जाते. हार्मोनियममधील अंतर्गत भात्याचे कामही याच जातीचे आहे.

घरगुती ऑर्गनमधील दाब पाण्याच्या स्तंभात मोजल्यास साधारण १०० ते १५० मि.मी. असतो. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची पारदर्शक नळी पाण्याने अर्धी भरून तो सहज मोजता येतो. १२० मि.मी. दाब आणि साठवण भात्याच्या झाकणाचे क्षेत्रफळ ६०० चौ. सें.मी. धरल्यास झाकणावर सुमारे ७.२ किलो वजनाइतका भार पडतो. स्प्रिंगा या भाराला पुऱ्या पडतील अशा निवडाव्या लागतात.

हवेची गरजही मोजून पाहता येते. १२० मि.मी. दाबाखाली हवा छिद्रातून सेकंदाला सुमारे ४४ मीटर वेगाने बाहेर पडू शकते. ३.५ मि.मी. व्यासाच्या गोल छिद्राचे क्षेत्रफळ ९.६ चौ. मि.मी. असते. झोताचे आकुंचन लक्षात घेतल्यास त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त पाव लिटर हवा जाते. एकाच वेळी सहा स्वर वाजत असतील तर सेकंदाला दीड लिटर हवा लागेल. हँडल सेकंदाला एक फेरा घेत असेल, तर दोन भात्यांपैकी प्रत्येकाने एका फेऱ्यात पाऊण लिटर हवा दिली पाहिजे. व्यवहारात एक लिटर वा अधिक क्षमतेचा भाता करणे शहाणपणाचे ठरते.

या हिशोबातून एक आश्चर्यकारक गोष्ट स्पष्ट होते. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला तर हवेला दिलेली शक्ती दोन वॉटपेक्षाही कमी भरते. घर्षणासाठी त्यात काही पट वाढ केली तरी हे काम लहान मूलही करू शकेल. रस्त्यावर दिवसभर हँडल फिरवणाऱ्याचे खरे कष्ट पेटीचे ओझे वाहण्यात आणि उन्हापावसात उभे राहण्यात होते. हवा पुरवण्यात ते फारसे नव्हते.

६. कागद : चालीचा मार्ग

सोप्यात सोप्या घरगुती रचनेत कागदाची गुंडाळी पारदर्शक झाकणाच्या हवाबंद पेटीत ठेवली जाते आणि साठवण भात्यातील हवा याच पेटीत सोडली जाते. कागद २० छिद्रांच्या वाचनपट्टीवरून सरकतो. प्रत्येक छिद्रामागून एक लवचीक नळी निघून संबंधित लाकडी नळीच्या पायाला जोडलेली असते. कागद सलग असेल तेथे पेटीतील दाबच त्याला पट्टीवर घट्ट दाबून धरतो व छिद्र बंद राहते. कागदातील छिद्र पट्टीवरील छिद्रावर आले की हवा त्यातून थेट नळीत जाते आणि स्वर वाजतो. या रचनेत झडपा नाहीत, तरफा नाहीत. कागद हीच झडप.

या साधेपणाची किंमत मात्र मोजावी लागते. नळीच्या तोंडाची फट २५ मि.मी. लांब व ०.५ मि.मी. रुंद असेल तर तिचे क्षेत्रफळ १२.५ चौ. मि.मी. होते, म्हणजे कागदातील छिद्रापेक्षा मोठे. हवा एकापाठोपाठ दोन अडथळ्यांतून जात असल्याने दाब दोहोंत विभागला जातो. ढोबळ गणिताने नळीच्या पायाशी मूळ दाबाच्या सुमारे ३७ टक्केच, म्हणजे १२० मि.मी.पैकी ४५ मि.मी.च्या आसपास दाब पोहोचतो. बारीक नळ्यांना तो पुरतो, पण खर्जाच्या रुंद नळ्या क्षीण पडतात. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे नळ्या याच कमी दाबाला बोलतील अशा घडवणे. दुसरा म्हणजे कागदातील हवेचा उपयोग केवळ खूण म्हणून करणे.

दुसऱ्या पद्धतीत कागद पेटीच्या बाहेर, मोकळ्या हवेत असतो. प्रत्येक स्वरासाठी पातळ कातड्याची एक लहान पिशवी असते. एका सूक्ष्म छिद्रातून तिच्यात सतत थोडी हवा येत राहते, त्यामुळे ती फुगलेली असते व नळीची झडप बंद ठेवते. कागदातील छिद्र वाचनपट्टीवर आले की पिशवीतील हवा बाहेर निसटते, पिशवी बसते, झडप उघडते आणि नळीला साठ्यातून पूर्ण दाबाची हवा मिळते. येथे शक्ती आणि माहिती यांचे मार्ग पूर्णपणे विभक्त होतात. क्षीण खुणेने मोठा प्रवाह नियंत्रित करण्याचे हे तत्त्व विद्युत रिले आणि ट्रान्झिस्टर यांतही आढळते.

कागदावर चाल उतरवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. कागद सेकंदाला ५० मि.मी. सरकतो असे मानले, तर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेला २५ मि.मी. जागा मिळते आणि तीन मिनिटांच्या चालीला ९ मीटर कागद लागतो. एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा असेल तर दोन छिद्रांमधील कागदाचा पूल वाचनपट्टीच्या छिद्रापेक्षा लांब हवा. तो ३.५ मि.मी.पेक्षा आखूड असेल तर छिद्र कधीच पूर्ण झाकले जात नाही आणि दोन स्वरांचा एकच लांब स्वर ऐकू येतो. याउलट दीर्घ स्वरासाठी सलग लांब फट कापल्यास कागद कमकुवत होतो, म्हणून तेथे अत्यंत अरुंद पूल राखले जातात. हवेच्या प्रवाहाला ते जाणवत नाहीत.

मींड आणि गमक या वाद्यावर शक्य नाहीत, कारण प्रत्येक नळीचा स्वर स्थिर असतो. परंतु लय पूर्णपणे हँडलवाल्याच्या हाती असते. हात मंदावला की चाल मंदावते, थांबला की थांबते. साठवण भात्यामुळे या चढउतारात दाब टिकून राहतो व स्वर बेसूर होत नाही. वाक्याच्या शेवटी किंचित रेंगाळणे, पुन्हा उचल घेणे, हे हँडलवाल्याचे वादन होय. तो केवळ यंत्राचा इंजिन नसतो, हे यावरून ध्यानात येते.

७. गळती : बांधणीची खरी परीक्षा

पहिल्यांदाच ऑर्गन बांधणाऱ्याला बहुधा असा अनुभव येतो की सर्व भाग आराखड्याप्रमाणे असूनही वाद्य वाजत नाही, किंवा दोन स्वर वाजतात आणि तिसरा येताच सारे बसते. दोष नळ्यांचा वाटतो. प्रत्यक्षात तो सांध्यांचा असतो.

येथेही आकडे बोलके आहेत. १२ मि.मी. जाडीच्या प्लायवूडच्या सांध्यांमध्ये एकूण एक मीटर लांबीवर ०.२ मि.मी. फट राहिली, तर १२० मि.मी. दाबाखाली तिच्यातून सेकंदाला सुमारे अडीच लिटर हवा निसटते. सहा स्वरांना मिळून लागते ती दीड लिटर. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी फट संपूर्ण वाद्यवृंदापेक्षा अधिक हवा पिते. फट निम्मी केली तर हवेच्या चिकटपणामुळे गळती निम्म्याहून पुष्कळच कमी होते, म्हणून सांधा थोडा सुधारला तरी लाभ मोठा असतो.

यासाठी अनुभवी कारागीर प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासतात. साठवण भाता भरून त्याचे सर्व मार्ग बंद करावेत आणि झाकण खाली येण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे. मग वायुपेटी जोडून पुन्हा मोजावे, नंतर वाचनपट्टी जोडून पुन्हा मोजावे. ज्या पायरीवर वेळ एकदम घटते तेथे गळती आहे. उदबत्तीचा धूर सांध्यांजवळून फिरवल्यास तो कोठे विचलित होतो हेही दिसते. लाकडाच्या आतील बाजूला पातळ सरस किंवा वॉर्निश, झडपांना मऊ कातडे आणि भात्यांना हवा न झिरपणारे कापड हे यावरचे नेहमीचे उपाय आहेत.

८. सामग्री आणि हवामान

भारतात असा ऑर्गन बांधायचा झाल्यास सामग्रीची अडचण मोठी नाही. प्लायवूड, मेंढीचे मऊ कातडे आणि हार्मोनियमच्या भात्याचे साहित्य उपलब्ध आहे. नळ्यांसाठी बांबूचा विचार करता येतो. फिलिपाइन्समधील लास पिन्यास येथील चर्चचा, दिएगो सेरा या धर्मगुरूने १८१६ ते १८२४ या काळात बांधलेला ऑर्गन याची साक्ष देतो. त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत.

हवामानाचा विचार मात्र अधिक काळजीने करावा लागतो. २० अंश तापमानाला जुळवलेला ऑर्गन ३६ अंशांच्या उन्हात सुमारे पावणेतीन टक्के, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने चढतो, कारण हवेतील ध्वनीचा वेग वाढतो. सर्व नळ्या एकत्रच चढत असल्याने वाद्य स्वतःशी सुरात राहते, परंतु सोबतच्या हार्मोनियमशी त्याचे जुळत नाही. तिच्या धातूच्या पत्त्यांवर उष्णतेचा परिणाम तुलनेने अल्प असतो. पावसाळ्यातील दमटपणाही त्रासदायक ठरतो. ११० मि.मी. रुंदीचा कागद एक टक्का फुगला तरी कडेच्या रांगा अर्ध्या मि.मी.हून अधिक सरकतात व छिद्रे अर्धवट झाकली जाऊ लागतात. त्यामुळे गुंडाळ्या कोरड्या डब्यात ठेवणे आणि दट्ट्यांना पुरेसे कातडे लावणे आवश्यक आहे.

बांधणीचा क्रमही याच अनुभवातून ठरतो. आधी एकच नळी करून ती तोंडाने फुंकून बोलती करावी. मग भाते व साठा करून गळती तपासावी. त्यानंतर वायुपेटी व वाचनपट्टी करावी आणि उरलेल्या नळ्या सर्वांत शेवटी. नळ्या आधी करण्याचा मोह टाळावा, कारण ज्या दाबाला त्या बोलायच्या आहेत तो दाब तोवर माहीतच नसतो.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. रस्त्यावरच्या ऑर्गनमध्ये शक्ती आणि माहिती एकाच हँडलने सुरू होतात, पण वेगवेगळ्या मार्गांनी नळीपर्यंत पोहोचतात. शक्तीची गरज अत्यल्प असते, परंतु ती गळतीत वाया जाण्याचा धोका मोठा असतो. चाल कागदात साठवल्यामुळे ती जतन करता येते व दुसऱ्याच्या हाती देता येते. पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील अनुनाद, दाब आणि प्रवाह ही तीन वेगवेगळी प्रकरणे या एका पेटीत एकत्र येतात, आणि त्यांपैकी एकात चूक झाली तरी पेटी मुकी राहते. म्हणूनच विज्ञान शाखेतील विद्यार्थ्यांसाठी गटप्रकल्प म्हणून या वाद्याची बांधणी उपयुक्त ठरू शकेल. पूर्ण २० स्वरांची आवश्यकता नाही. पाच नळ्या, एक भाता आणि हाताने छिद्रे पाडलेली कागदाची पट्टी एवढ्यावरही आरंभ करता येतो.

एकेकाळी हे हँडल फिरवणाऱ्यांना लंडनच्या सुखवस्तू घरांतून हाकलून दिले जात असे. त्यांच्या हातातील पेटीत किती विचार आणि किती कसब भरलेले होते, हे ती पेटी स्वतः बांधून पाहणाऱ्याला नेमके कळते.